गुरांमागून आलेली अळंबी

उष्ण प्रदेशातल्या एखाद्या कुरणात पावसाची झड ओसरून ऊन पडलं, की जुन्या शेणाच्या पोवर तपकिरी बोंडं वर येतात. एक-दोन दिवसांत बोंडाची छत्री होते. माथ्यावर सोनेरी, कडेकडे फिकी होत गेलेली. पांढऱ्या दांड्यावर एक नाजूक झालर असते. टोपी उघडताना फाटलेल्या पडद्याचा तो उरलेला भाग. टोपीखालून झडणारे जांभळट-काळे बीजाणू या झालरीवर साचतात आणि ती काळसर दिसू लागते. हा दांडा दोन बोटांत धरून जरा दाबला, तर काही मिनिटांत त्या जागी निळा डाग उमटतो.

या अळंबीचं शास्त्रीय नाव सायलोसायबी क्युबेन्सिस. सायलोसायबिन हे मन पालटून टाकणारं द्रव्य बनवणाऱ्या अळंब्यांच्या दोनशेहून अधिक जाती आज माहीत आहेत. त्यांत जगभर सर्वांत जास्त ओळखली जाणारी आणि सर्वांत जास्त वाढवली जाणारी जात हीच. ती मूळची कुठली आणि माणसाच्या डोक्यात शिरून ती नेमकं काय करते, हे या प्रकरणात पाहायचं आहे. हे दोन्ही शोधताना एक गोष्ट वारंवार समोर येते. या अळंबीचा विचार तिच्या सोबत्यांना वगळून करता येत नाही. ती उगवते गुरांच्या सोबतीने, आणि तिचा गुण ठरतो तो माणसांच्या सोबतीने.

तीन देश, तीन नावं

1906 साली फ्रँकलिन समनर अर्ल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने क्युबात सापडलेल्या एका अळंबीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला स्ट्रोफारिया क्युबेन्सिस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी, 1907 मध्ये, नार्सिस पातुयार या फ्रेंच अभ्यासकाने आजच्या उत्तर व्हिएतनाममधल्या टाँकिन प्रांतातून आलेल्या एका अळंबीला वेगळंच नाव दिलं. 1941 मध्ये विल्यम मरिल यांनी फ्लोरिडातल्या नमुन्यांवरून तिसरं नाव सुचवलं. तिघांनाही आपल्या हाती नवी जात लागली असं वाटत होतं. 1949 च्या सुमारास रॉल्फ सिंगर यांनी ही तिन्ही नावं एकाच अळंबीची असल्याचं दाखवून तिला सायलोसायबी या कुळात आणून बसवलं. पहिलं नाव टिकवायचं या नियमाने क्युबाचा शिक्का मात्र कायम राहिला.

कॅरिबियन बेट, आग्नेय आशिया आणि फ्लोरिडा. इतक्या दूरच्या ठिकाणी एकच अळंबी कशी काय पोचली? तिन्हीकडे एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे चरणारी गुरं. ही बुरशी गवत खाणाऱ्या मोठ्या जनावरांच्या शेणावर जगते. तिचे बीजाणू वाऱ्याने गवतावर पडतात, गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात आणि शेणातून बाहेर येतात. गुरं जिथे जातील तिथे तिला आयतं घर मिळतं.

अमेरिका खंडात गाईबैल मुळात नव्हते. कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीत ते पहिल्यांदा जहाजातून कॅरिबियन बेटांवर उतरले. म्हणून अनेक बुरशीशास्त्रज्ञांचं मत असं, की ही अळंबी क्युबाची नव्हेच. ती जुन्या जगातून गुरांबरोबर, त्यांच्या चाऱ्याबरोबर तिथे गेली असावी. अलीकडे आफ्रिकेतून या मताला बळ मिळालं आहे. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेच्या गवताळ प्रदेशात सायलोसायबी ऑक्रेशियोसेंट्राटा नावाची नवी जात नोंदली गेली. जनुकं तपासली तेव्हा ती क्युबेन्सिसची सर्वांत जवळची नातलग निघाली. दोघींची वाट सुमारे 15 लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी असा हिशेब आहे. माणसाने पहिलं जनावर माणसाळवण्याच्या कितीतरी आधी, आफ्रिकेच्या कुरणांत चरणाऱ्या कळपांच्या मागे या अळंब्यांचे पूर्वज उगवत होते, असं चित्र आता उभं राहतं. सायलोसायबी हे कूळ तर त्याहून फार जुनं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने त्याची सुरुवात साधारण साडेसहा कोटी वर्षांमागे, म्हणजे डायनोसॉर नामशेष झाले त्या काळाच्या आसपास नेली आहे.

या प्रवासातला सर्वांत ताजा टप्पा माणसाने घडवला. 1976 मध्ये टेरेन्स आणि डेनिस मॅकेना या भावांनी टोपणनावाने एक पुस्तिका काढली. ही अळंबी घरात कशी वाढवायची याची माहिती तीत होती. कुरणातली रानटी बुरशी तिथून काचेच्या बरण्यांत आली. लपूनछपून वाढवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या, भरदार अळंब्या निवडल्या आणि ‘गोल्डन टीचर’सारखी नावं देऊन वाण पाडले. सोनेरी माथ्याचा हा वाण आज या व्यवहारात फार प्रसिद्ध आहे. अशा वाणांच्या उगमाच्या बऱ्याच कथा सांगितल्या जातात, पण जनुकं जास्त खरं बोलतात. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथल्या कुरणांत आपोआप रुजलेल्या क्युबेन्सिसची बाजारातल्या वाणांशी तुलना केली. रानातल्या अळंब्यांत विविधता भरपूर होती, तर वाणांमध्ये ती कमालीची घटलेली होती. नावं डझनावारी असली तरी आत वारसा तोच तो होता. चोरून केलेल्या शेतीत मूठभर नमुनेच हातोहात फिरले, त्याचा हा परिणाम.

अळंबी हे द्रव्य बनवते कशासाठी?

सायलोसायबिन बनवायला अळंबी ट्रिप्टोफॅनपासून सुरुवात करते. आपण खातो त्या दुधात, शेंगदाण्यात, डाळीत असतं तेच हे अमिनो आम्ल. त्यावर चार एन्झाइमं पाठोपाठ काम करतात आणि सायलोसायबिन तयार होतं. जर्मनीतल्या येना इथल्या डिर्क हॉफमाइस्टर यांच्या प्रयोगशाळेने 2017 मध्ये या चारही पायऱ्या उलगडून दाखवल्या. ही एन्झाइमं बनवणारी जनुकं अळंबीच्या गुणसूत्रात एकमेकांना लागून बसलेली असतात. त्यामुळे अख्खा जुडगा एका बुरशीतून दुसऱ्या, दूरच्या बुरशीत उचलून जाऊ शकला. शेणावर आणि सडक्या लाकडावर जगणाऱ्या, एरवी जवळचं नातं नसलेल्या अळंब्यांत हा जुडगा सापडतो, त्याचा अर्थ असाच लावला जातो.

शेण आणि सडकं लाकूड या दोन्ही ठिकाणी किड्यांची झुंबड असते. काही अळंबी कुरतडतात, काही तिच्या वाट्याचं अन्न खाऊन टाकतात. किड्यांच्या मज्जासंस्थेतही सेरोटोनिन हे संदेश पोचवणारं द्रव्य काम करतं, आणि सायलोसायबिनपासून होणारा रेणू त्या सेरोटोनिनशी मिळताजुळता असतो. त्यावरून काही संशोधकांनी असा तर्क मांडला आहे, की किड्यांची भूक किंवा वागणूक बिघडवण्यासाठी हे रसायन उपयोगी पडत असावं. तर्काची परीक्षा अजून चालू आहे. एवढं मात्र पक्कं, की हे द्रव्य माणसासाठी घडलेलं नाही. आपण या गोष्टीत कोट्यवधी वर्षं उशिरा आलो.

दांड्यावरच्या निळ्या डागाचा उलगडाही हॉफमाइस्टर यांच्याच गटाने 2019 मध्ये केला. अखंड पेशीत सायलोसायबिन सुरक्षित असतं, कारण त्याच्या रेणूला फॉस्फेटचा एक गट चिकटलेला असतो. अळंबी दाबली गेली, पेशी फुटल्या, की एक एन्झाइम तो गट तोडून टाकतं. उरतं ते सायलोसिन. दुसरं एन्झाइम त्या सायलोसिनचे रेणू एकमेकांना जोडत जातं आणि त्या जोडणीतून निळा रंग तयार होतो. म्हणजे डाग जितका गडद, तितकं सायलोसिन वापरलं गेलेलं. फॉस्फेट तुटण्याची हीच क्रिया माणसाच्या शरीरातही होते, आणि तिथूनच या अळंबीचा परिणाम सुरू होतो.

उआउत्लाची रात्र

माणसाशी या अळंब्यांचं जुनं नातं सर्वांत स्पष्ट दिसतं ते मेक्सिकोत. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मगुरूने आस्तेक लोकांच्या चालीरीतींची सविस्तर नोंद करून ठेवली. व्यापाऱ्यांच्या मेजवानीत मधाबरोबर अळंब्या खाल्ल्या जात, मग कुणी नाचे, कुणी रडे, कुणाला आपला मृत्यू दिसे, आणि अंमल उतरल्यावर सगळे एकमेकांना काय दिसलं ते सांगत, असं त्याने लिहिलं आहे. आस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेत या अळंब्यांना तेओनानाकात्ल म्हणत. स्पॅनिश पाद्र्यांना हा सैतानाचा प्रसाद वाटला. त्यांनी तो दडपला आणि प्रथा डोंगरांत लपली.

ती इतकी लपली, की 1915 मध्ये विल्यम सॅफर्ड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने असल्या अळंब्या नव्हत्याच, जुन्या लेखकांनी वाळवलेल्या पेयोटे निवडुंगालाच अळंबी समजून घेतलं, असं ठामपणे मांडलं. हे खोडून काढायला वीसेक वर्षं लागली. 1938-39 मध्ये रिचर्ड इव्हान्स शुल्टस हा हार्वर्डचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ ओआहाका राज्यातल्या मासातेक लोकांच्या डोंगरात पोचला आणि प्रत्यक्ष अळंब्यांचे नमुने घेऊन परतला.

त्याचे लेख वाचून पुढे गॉर्डन वॉसन तिथे गेले. वॉसन न्यूयॉर्कच्या एका बँकेत उपाध्यक्ष होते. त्यांची रशियन पत्नी व्हॅलेंटिना बालरोगतज्ज्ञ होती आणि निरनिराळ्या समाजांत अळंब्यांना काय स्थान आहे याचा अभ्यास दोघं मिळून करत होते. 29 जून 1955 च्या रात्री उआउत्ला दे हिमेनेस या गावात मारिया साबिना नावाच्या मासातेक बाईने वॉसन आणि छायाचित्रकार ॲलन रिचर्डसन यांना आपल्या विधीत सामील करून घेतलं.

या विधीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. तो रात्रीच होतो, घरात आणि अंधारात. अळंब्या आधी कोपाळ या सुगंधी राळेच्या धुरावरून फिरवल्या जातात आणि जोडीजोडीने वाटल्या जातात. मारिया साबिना स्वतःही त्या खात असे, रात्रभर गात असे, टाळ्यांचा ठेका धरत असे. तिच्या समाजात या अळंब्यांना पवित्र लेकरं मानलं जाई. विधी कुणाचा तरी आजार समजून घेण्यासाठी, हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा जाणण्यासाठी होत असे. मौज म्हणून त्या खाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे आल्वारो एस्त्रादा या मासातेक लेखकाने तिच्याकडून ऐकून तिचं आत्मवृत्त लिहून काढलं. परके येण्याआधी कुणी केवळ देव पाहायला म्हणून अळंबी घेत नसे, रोग्याला बरं करायलाच घेत असे, असं तिने त्यात स्वच्छ सांगितलं आहे.

मासातेक लोक अळंब्यांच्या जाती बारकाईने ओळखतात. दरडीच्या मातीत उगवणारी वेगळी, गवतात उगवणारी चिमुकली ‘पाखरं’ वेगळी. शेणावर उगवणारी आपली क्युबेन्सिस त्यांच्याकडे सान इसिद्रोच्या नावाने ओळखली जाते. सान इसिद्रो हा स्पॅनिश शेतकऱ्यांचा संत, चित्रांत तो नेहमी नांगराच्या बैलजोडीबरोबर असतो. म्हणजे बैल स्पेनमधून आले, संतही स्पेनमधून आला आणि त्या दोघांच्या मागोमाग ही अळंबी मासातेक विधीत दाखल झाली असावी. जुन्या, मातीतल्या अळंब्यांइतका मान तिला तिथे मिळाला नाही. जगाने मात्र पुढे तिलाच डोक्यावर घेतलं, कारण ती वाढवायला सर्वांत सोपी होती.

13 मे 1957 ला ‘लाइफ’ या खपाच्या साप्ताहिकात वॉसन यांचा लेख आला. त्यात मारिया साबिनाचं नाव आणि गाव दडवलेलं होतं, पण लपवलेलं फार काळ लपलं नाही. साठच्या दशकात उआउत्लात परदेशी तरुणांची रीघ लागली. कुणी अळंब्या दिवसा खाई, कुणी उपाशीपोटी न राहता, कुणी रस्त्यात. पोलीस आले, सैनिक आले, गावाने या सगळ्याचा दोष मारिया साबिनाला दिला, तिचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून पवित्र लेकरांची शक्ती ओसरली, अशी खंत तिने पुढे बोलून दाखवली. 1985 मध्ये ती वारली, ती गरिबीतच. जगाच्या मानसोपचाराला नवी दिशा देणाऱ्या ज्ञानाची ती राखणदार होती, आणि त्या ज्ञानाच्या मोबदल्यात तिच्या पदरात काय पडलं हे विसरून या अळंबीचा इतिहास सांगणं अन्यायाचं आहे.

अळंबीपासून गोळीपर्यंत

वॉसन यांच्यासोबत गेलेले फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञ रॉजे एम यांनी मेक्सिकोतल्या काही जाती पॅरिसमध्ये वाढवल्या आणि नमुने स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ या औषध कंपनीकडे पाठवले. तिथे आल्बर्ट हॉफमन होते, एलएसडीचा परिणाम पहिल्यांदा अनुभवणारे रसायनशास्त्रज्ञ. जनावरांवरच्या चाचण्यांतून काही नीट हाती लागेना, तेव्हा त्यांनी वाळलेल्या अळंब्या स्वतःच खाऊन पाहिल्या. तपासायला वाकलेला डॉक्टर त्यांना आस्तेक पुजारी दिसू लागला. हवं ते द्रव्य अळंबीत आहे एवढं पक्कं झालं. 1958 मध्ये त्यांनी सायलोसायबिन आणि सायलोसिन वेगळं काढलं, आणि लवकरच ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. 1962 मध्ये वॉसनबरोबर उआउत्लाला जाऊन त्यांनी मारिया साबिनाला सायलोसायबिनच्या गोळ्या दिल्या. रात्रीच्या विधीनंतर, गोळ्यांत अळंबीचीच शक्ती आहे, असा निर्वाळा तिने दिल्याचं हॉफमन यांनी नोंदवलं आहे. आता अळंब्यांचा हंगाम नसतानाही रोग्यांना मदत करता येईल, याचं तिला समाधान वाटलं.

ही गोळी किंवा अळंबी पोटात गेल्यावर फॉस्फेटचा गट तुटतो आणि सायलोसिन रक्तावाटे मेंदूत पोचतं. तिथे ते सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरला, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या रेणूला, जाऊन चिकटतं. त्याचं नाव 5-एचटी2ए. विचार, कल्पना आणि ‘मी’पणाची जाणीव यांत गुंतलेल्या मेंदूच्या बाह्यपटलात हे रिसेप्टर दाटीने असतात. 1998 मध्ये झुरिकच्या फ्रांझ फोलेनवायडर यांच्या गटाने स्वयंसेवकांना आधी हाच रिसेप्टर अडवणारं औषध दिलं आणि मग सायलोसायबिन दिलं. भास झालेच नाहीत. परिणामाचं दार नेमकं कोणतं, हे त्या प्रयोगाने दाखवून दिलं.

साधारण अर्ध्या तासात परिणाम जाणवू लागतो, तास-दीड तासात शिगेला पोचतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. बाहुल्या विस्फारतात, रक्तदाब आणि नाडी थोडी वाढते, मळमळ होते. रंग गडद होतात, डोळे मिटले की नक्ष्या हलू लागतात, वेळ ताणला जातो. जुन्या आठवणी आणि दाबून ठेवलेल्या भावना उसळून वर येतात. कधी ‘मी’ आणि ‘बाकीचं जग’ यांतली रेघच पुसली जाते. हे कुणाला परमशांतीचं वाटतं, तर कुणाला आपण मरतो आहोत किंवा वेडे होतो आहोत असं वाटून जीव घाबरा होतो.

असं काही होताना मेंदू जास्त पेटत असेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. 2012 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि सहकाऱ्यांनी चालू मेंदूचं चित्र घेणाऱ्या एफएमआरआय तंत्राने पाहिलं तेव्हा उलटंच दिसलं. मेंदूतली काही मध्यवर्ती केंद्रं मंदावली होती. माणूस स्वस्थ बसून स्वतःबद्दल विचार करत असतो तेव्हा जे जाळं काम करतं, त्याचीच ही केंद्रं. 2024 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने केवळ सात जणांच्या मेंदूची पुन्हा पुन्हा चित्रं घेऊन अधिक बारीक निरीक्षण केलं. एरवी एका लयीत चालणाऱ्या मेंदूच्या भागांतला ताळमेळ सायलोसायबिनने विस्कटला होता. अंमल उतरल्यावर बहुतेक सगळं पूर्ववत झालं, पण त्या जाळ्याचा हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागाशी असलेला संबंध पुढे काही आठवडे सैल राहिला. त्याच त्या निराश विचारांच्या चाकोरीत अडकलेल्या माणसाला याचा उपयोग होऊ शकेल, ही आशा इथून येते.

गुण कुणाचा?

साठच्या दशकात अमेरिकेत या द्रव्यावर उत्साहाने प्रयोग सुरू झाले. 1962 च्या गुड फ्रायडेला वॉल्टर पान्के यांनी बॉस्टनच्या मार्श चॅपेलमध्ये धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसायबिन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. द्रव्य मिळालेल्या बहुतेकांना गाढ धार्मिक अनुभव आला, आणि प्रयोग गाजला. पुढे 1991 मध्ये रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना शोधून काढलं, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. त्यांतला एक जण इतका बिथरला होता की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं होतं, आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. मधल्या काळात हे द्रव्य विद्यापीठांतून रस्त्यावर आलं होतं. 1970 च्या अमेरिकी कायद्याने आणि 1971 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने ते सर्वांत कडक यादीत गेलं आणि संशोधन जवळपास थांबलं.

त्याने पुन्हा जोर धरला तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कामाने. 2006 मध्ये रोलंड ग्रिफिथ्स यांनी 36 निरोगी स्वयंसेवकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत मोजला. 2016 मध्ये कर्करुग्णांवरच्या दोन अभ्यासांत मृत्यूची भीती आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं. 2022 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 233 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. 25 मिलिग्रॅमचा एक डोस घेतलेल्यांपैकी 37 टक्क्यांना तीन आठवड्यांनी ठळक आराम पडला होता. नाममात्र 1 मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं. बारा आठवड्यांपर्यंत मात्र हा फायदा बराच ओसरला. काही रुग्णांत आत्महत्येचे विचारही नोंदले गेले. शिवाय अशा चाचणीत आपल्याला खरं औषध मिळालं की नाममात्र, हे रुग्णाला बहुधा कळतंच. त्यामुळे आकड्यांतला किती वाटा द्रव्याचा आणि किती अपेक्षेचा, हे वेगळं काढणं अवघड जातं.

चाचणीच्या या खोलीत काय काय असतं, तेही पाहा. आधी रुग्णाशी दीर्घ बोलणी होतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार स्वतःला वा जवळच्या नातलगाला असेल, तर त्याला घेतच नाहीत. खोली दवाखान्यासारखी न वाटता घरातल्या दिवाणखान्यासारखी सजवलेली असते. डोळ्यांवर पट्टी, कानावर निवडलेलं संगीत, आणि सहा-आठ तास शेजारी बसून राहणारी दोन प्रशिक्षित माणसं. दुसऱ्या दिवशी झाल्या अनुभवावर पुन्हा बोलणं. अंधार, गाणं, सोबतीला जाणतं माणूस आणि ठरवलेला हेतू. मारिया साबिनाच्या घरात हे सारं आधीपासून होतं. आधुनिक वैद्यकाला तिथे पोचायला अर्धं शतक लागलं.

ही सोबत काढून घेतली तर काय होतं, याचंही उत्तर आहे. जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधकांनी 2016 मध्ये, सायलोसायबिन अळंबीमुळे वाईट अनुभव आलेल्या 1993 जणांची माहिती ऑनलाइन गोळा केली. त्यांतल्या 39 टक्क्यांनी तो आयुष्यातल्या पाच सर्वांत कठीण अनुभवांत मोजला. 11 टक्क्यांनी त्या भरात स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेच्या धोक्यात टाकलं होतं. रेणू तोच, पण एकाला त्यात जगण्याचा अर्थ सापडतो आणि दुसरा भेदरून रस्त्यावर धावतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. या अळंबीचा गुणही तिच्या शेजारी काय बांधलं आहे त्यावर ठरतो.

आपल्या डोंगरांत

आपल्याकडेही पाऊस आहे, गुरं आहेत, हत्ती आहेत. क्युबेन्सिस भारतात नोंदलेली आहे, आणि पश्चिम घाटात, केरळात, वायनाडचं नाव घेतलेली सायलोसायबीची एक जात सापडली आहे. कोडाईकनालच्या डोंगरात पर्यटकांना चोरून विकल्या जाणाऱ्या ‘मॅजिक मशरूम’च्या बातम्या अधूनमधून येतात. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसिन आणि सायलोसायबिन दोन्ही आहेत. ते बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे.

कायद्याहून मोठी भीती चुकीच्या अळंबीची आहे. गॅलेरिनासारख्या लहान तपकिरी अळंब्या अननुभवी डोळ्याला सायलोसायबीसारख्याच दिसतात, आणि त्यांतल्या काहींत अमाटॉक्सिन असतं. या विषाची लक्षणं सहसा सहा तासांनंतर दिसू लागतात. उलट्या-जुलाब होतात, मग थोडं बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत असतं. निळा डाग पडला म्हणजे अळंबी निर्धोक, हाही गैरसमज. निळ्या पडणाऱ्या इतर अळंब्या आहेत, आणि त्यांच्या निळेपणाचं कारण वेगळं असतं. कोकणात आणि गोव्यात श्रावणात वारुळावरची अळंबी आवडीने खाल्ली जाते, ती वाळवीच्या संगतीने वाढणाऱ्या वेगळ्याच कुळातली. ती ओळखणारी नजर घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. मोबाइलवरचा फोटो त्या नजरेची जागा घेऊ शकत नाही.

याच वॉसन यांनी 1968 मध्ये ऋग्वेदातला सोम म्हणजे एक अळंबी असावी, असं मांडलं होतं, हेही इथे सांगायला हवं. त्यांच्या मनात होती ती लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अमानिटा. तिच्यात सायलोसायबिन नसतं आणि तिचा परिणामही निराळा असतो. संस्कृतच्या अनेक अभ्यासकांनी हे मत नाकारलं आणि सोम कोणता, हा वाद अजून चालूच आहे. त्या वादाचा आधार घेऊन ‘आपल्या ऋषींची अळंबी’ म्हणून क्युबेन्सिस विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

आज औषध कंपन्या सायलोसायबिनच्या नव्या रूपांची पेटंटं घेत आहेत. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना विशिष्ट नैराश्यात ते देण्याची मुभा दिली, आणि अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये परवानाधारक केंद्रं सुरू झाली. भासच होऊ न देता फक्त नैराश्य घालवणारा रेणू बनवण्याचेही प्रयत्न चालू आहेत. यातून अनेकांचं दुःख हलकं होईल, आणि ते व्हायलाच हवं. पण उपचाराचा सर्वांत खर्चिक भाग म्हणजे तासन्‌तास शेजारी बसणारं माणूस. खर्च वाचवताना पहिली कात्री त्यालाच लागेल. तशी ती लागू देऊ नये. मासातेक समाजाने जपलेला खरा शोध अळंबीचा नव्हता. अशा शक्तीजवळ माणसाला एकट्याने जाऊ देऊ नये, हा होता. तो शोध औषधाबरोबर जगभर गेला, आणि त्याच्या कमाईतला रास्त वाटा उआउत्लाच्या डोंगरांपर्यंत परत पोचला, तरच या अळंबीकडून आपण नीट शिकलो असं म्हणता येईल.